सुट्या दगडावरचा बाण

मला दिशा कळत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून कळलं की लोक दुखावतात. कर्वेनगरातल्या एकाच सोसायटीत तीस वर्षं राहूनही लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मी अधूनमधून समोरच्यांच्या कुलपात आमची किल्ली घालते. समोरचे जोशी आतून शांतपणे विचारतात, "कोण, बचाव पथक का?"

तर या बाईच्या हातात गेली एकोणीस वर्षं डोंगरात हरवलेल्या माणसांचा फोन आहे.

आमचं पथक पगारी नाही. कुणी बँकेत आहे, कुणी कंप्युटरवर बसतं, एक दातांचे डॉक्टर आहेत. फोन आला की हातातलं काम टाकून दोर, स्ट्रेचर, पाणी घेऊन निघायचं. डॉक्टरांनी एकदा पेशंटच्या तोंडात कापूस तसाच ठेवून पथकाची गाडी गाठली होती. माझं काम घरी बसून. फोन घ्यायचा, माणसाला बोलतं ठेवायचं, नकाशा उघडायचा, तिथल्या गावातल्या ओळखीच्या माणसाला उठवायचं आणि पोलिसांना कळवायचं. नकाशावर मात्र मी चुकत नाही. नोकरी पाटबंधारे खात्यात ट्रेसरची केली. साहेबांनी काढलेला नकाशा शाईने कापडावर जसाच्या तसा उतरवायचा, रेघ केसाइतकी, थरथर चालायची नाही. चौतीस वर्षं मी नद्या आणि डोंगर सरळ रेषेत ठेवले. खरे डोंगर तसे नसतात हे दर रविवारी कळायचं, कारण तेव्हा मी ते चढायला जात असे. गुडघे गेले आणि पथकाने फोन दिला.

फोन आला की मी नाव विचारत नाही. पहिला प्रश्न, बॅटरी किती. दुसरा प्रश्न नसतो, हुकूम असतो : बसा. हरवलेला माणूस चालत सुटतो, आणि तोही खाली, कारण खाली गाव असणार असं त्याला वाटतं. सह्याद्रीत खाली उतरणारी प्रत्येक घळ गावात जात नाही. पुष्कळशा कड्यावर जाऊन संपतात. पाण्याला त्याचं काही वाटत नाही, माणसाला वाटतं. म्हणून बसा. आणि मग तिसरा प्रश्न, जो माझा स्वतःचा आहे आणि ज्याचा मला फार अभिमान होता : माणसाच्या हातचं शेवटचं काय पाहिलंत? देऊळ, विजेचा खांब, बिस्किटाचा कागद, काहीही. झाडं आणि दगड सांगू नका, ते सगळीकडे असतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ म्हणाले, "मी हरवलेलो नाही. मी कुठे आहे एवढंच सांगा." एका बाईंनी सिंहगडावरून फोन केला की आमचे सोळाजण हरवलेत. बाई तीन तास पिठलं-भाकरीच्या छपराखाली बसल्या होत्या आणि ते सोळाजण त्यांना शोधत होते. एक आजोबा माझ्यावर चिडले, "तुमचा आवाज म्हातारा येतोय, कुणी जबाबदार माणसाला द्या." मी म्हटलं, "जबाबदार माणूस भाजी आणायला गेलाय, तोवर तुम्ही बसून घ्या." बसले.

असं हसत-खेळत चाललं होतं. गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या आठवड्यातल्या एका गुरुवारी, पावणेअकराला फोन वाजला.

"हॅलो, रेस्क्यूवाले का? मी अनिकेत बोलून राहिलो."

"बॅटरी किती?"

"नऊ टक्के."

"बसा."

"बसलोच आहो जी. उभं राहायला जागाच नाही."

मुलगा मूळचा अमरावतीचा, सव्वीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. सुट्टी घेऊन एकटाच बोरनाळेने कोकणात उतरायला निघाला होता. नाळ म्हणजे डोंगरातली उभी घळ, पाणी जिथून कोसळतं आणि माणसं जिथून सावकाश उतरतात ती. ऑक्टोबरात तिथे गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, पायवाट दिसत नाही. तो घसरत एका अरुंद टप्प्यावर येऊन थांबला होता. वर चढता येईना, खाली कडा. अर्धी बाटली पाणी होतं.

"पण मी जवळपास पोचलोच आहो," तो म्हणाला. "खाली घरं दिसतात. कौलं दिसतात. वाळत घातलेले कपडे दिसतात."

"माणसाच्या हातचं शेवटचं काय पाहिलंत?"

"बाण. पांढरा बाण होता, त्याच्याच मागं आलो."

"कशावर?"

"सपाट दगडावर. कॅरमबोर्डासारखा दगड आहे. बाण बी मस्त आहे जी, मागं पिसं काढली आहेत, धनुष्याच्या बाणाला असतात तशी. तीन इकडं, तीन तिकडं."

मी त्याला फोन बंद करायला सांगितलं. दर तासाला दोन मिनिटं चालू करा, बाकी बंद. माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो ठीक होता. मग मी आमच्या नोंदवहीत लिहिलं : पांढरा बाण, सपाट दगड.

पिसं लिहिली नाहीत.

आता एका मुलीबद्दल सांगणं भाग आहे. वय तेवीस, दोन वेण्या, भावाची पँट कमरेला नाडीने आवळलेली, हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि नाक वर. तेव्हाची मी. तिला मी शहाणी म्हणते, कारण तिला स्वतःबद्दल तसंच वाटायचं. त्या काळी आम्ही डोंगरवाटांवर बाण रंगवत असू, नवीन माणूस चुकू नये म्हणून. बाकीचे लोक ब्रश बुडवून दोन फराटे मारायचे. शहाणीला ते गावंढळ वाटे. ती सरकारी ट्रेसर होती. ती बाणाला पिसं काढी, नकाशावरच्या उत्तरदिशेच्या बाणाला असतात तशी, तीन इकडे, तीन तिकडे, मोजून सारखी. मागचे लोक पुढे निघून जात तरी हिचं सहावं पीस चाललेलं. पुण्यातल्या गिर्यारोहकांत तिचे बाण ओळखले जात. यावर ती इतकी फुगली होती की चढावर दम लागायचा तो पँटमुळे की यामुळे, सांगता येत नाही.

आमचे म्होरके दामूअण्णा. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण त्यांच्या बाणाला पिसं नसत. बोरनाळेत अर्ध्यावर दोन घळी फुटतात. उजवी खाली गावात जाते. डावीला गावकरी आंधळी नाळ म्हणतात, ती कड्यावर संपते. त्या कड्यावरून खालची घरं इतकी जवळ दिसतात की कपडे मोजता यावेत. या दोन घळींच्या तोंडाशी बाण काढायचा होता, उजवीकडे दाखवणारा. दामूअण्णांनी बोटाने कातळ दाखवला.

"जित्या दगडावर काढ गं. डोंगराला चिकटलेल्या. सुटा दगड मेलेला असतो, तो उद्या उठून जाईल."

तो जिता कातळ खरबरीत होता, त्यावर शेवाळाची पुटं. शेजारी एक लादीसारखा सपाट, गुळगुळीत दगड पडला होता. सुटा.

"अण्णा, तिथे रेघ फाटते," शहाणी म्हणाली.

"फाटू दे."

"आणि हा केवढा आहे बघा. दोन माणसांना हलायचा नाही. कुठे जातोय उठून?"

ऊन चढत होतं, माणसं तहानलेली होती. दामूअण्णा म्हणाले, "काढ बाई." शहाणीने काढला. सगळ्यात देखणा बाण तो.

पुढे हाच नियम मी पथकातल्या प्रत्येक नव्या मुलामुलीला शिकवला. जित्या दगडावर खूण करा, सुट्या दगडावर नाही. एकोणीस वर्षं शिकवला, दामूअण्णांच्या आवाजाची नक्कल करून शिकवला, मुलं हसायची. आपण स्वतः काय केलं होतं ते मी विसरले नव्हते. फक्त तो विषय कधी काढला नव्हता.

आणि आता अमरावतीचा एक मुलगा त्या बाणावर विश्वास ठेवून आंधळ्या नाळेच्या टोकाशी बसला होता. दोन माणसांना न हलणारा दगड कुठल्या तरी पावसात चार हात घसरला होता, फिरला होता आणि आता डावीकडे दाखवत होता. कधीपासून, देव जाणे. वाटेवरचे जुने बाण मागाहून येणारे ग्रुप पुन्हा रंगवतात. माझाही कुणीतरी प्रेमाने रंगवला होता, पिसांसकट.

हे सगळं मला पावणेअकरालाच कळलं. लेखात नंतर कळलं असं लिहिता आलं असतं. तेव्हाच कळलं. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि स्वतःला सांगितलं की बाण कुणीही काढतं. पिसंही कुणीही काढेल. पथकाची म्होरकी मुक्ता, तिला फोन केला. मुक्ता हिंजवडीला एका कंपनीत आहे, चौतीस वर्षांची, मीच तिला दोराच्या गाठी शिकवलेल्या. तिला मी जागा सांगितली : बोरनाळ. नुसती बोरनाळ. वरच्या गावातल्या गंगारामभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "मी म्होरं व्हतो, हाका मारीत उतरतो." कुठल्या बाजूला उतरू असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ते नेहमीच्या वाटेने, उजवीकडे उतरले.

पुण्याहून गाडी निघाली. पोलिसांकडून कळलं की मुलाचा फोन कोकणातल्या टॉवरवर लागतोय. पाऊण वाजता मुक्ताचा फोन आला, पौडला गाडी थांबवून.

"आजी, टॉवर खालचा आहे. त्याला घरं दिसतायत म्हणजे तो ऑलमोस्ट खाली आहे. आम्ही ताम्हिणी उतरून खालून चढतो. ओके?"

खालून चढून कड्याच्या पायथ्याशी पोचायला अंधार झाला असता. आणि पोचून मान वर करून त्याच्याकडे पाहत बसले असते.

"नको," मी म्हटलं. "वरून जा. तो आंधळ्या नाळेत आहे."

"कशावरून?"

"मला वाटतं."

"आजी, 'वाटतं' यावर मी पाच माणसं नेत नाही. हे तुम्हीच शिकवलंय. चुकलं तर आजचा उजेड गेला."

"त्याला तिथे चुकीचा बाण दिसला."

"तिथे चुकीचा बाण आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

मागे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. कुणीतरी शेंगदाणे खात होतं. मी टेबलावरचा नकाशा उगाच सरळ केला.

"मी काढलाय तो," मी म्हटलं. "सुट्या दगडावर. मला माहीत होतं सुटा आहे ते. दामूअण्णांनी नको म्हटलं होतं. पिसं आहेत त्याला, मुलाने सकाळीच सांगितलं. मी तुला सांगितलं नाही."

टिकटिक चालू राहिली. शेंगदाणे थांबले.

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

"पावणेअकरा."

मुक्ता चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आंधळ्या नाळेत दोर बांधायला वर काय आहे?"

"दोन घळींच्या तोंडाशीच जिता कातळ आहे. भक्कम."

"शुअर?"

"त्याच्यावर शेवाळ होतं," मी म्हटलं. "म्हणूनच मी त्यावर काढला नाही."

"ओके. गंगारामभाऊंना मी सांगते. बाकीचं नंतर."

फोन ठेवल्यावर मी बसले. बसा म्हणून मी शेकडो लोकांना सांगितलंय, पण बसण्याने नेमकं काय होतं ते मला तेव्हा कळलं. काही होत नाही. नुसतं बसायचं असतं. एक वाजता मुलाने पुन्हा फोन चालू करायचा होता. मी वाट पाहिली. तो आला नाही.

पावणेदोनला गंगारामभाऊ.

"आजी, घावला."

"बोलतोय का?"

"बोलतोय की. पर आनखी खाली गेलाय. पाय मोडलाय त्याचा."

"मोडला कसा? बसला होता तो."

"बसलाच हुता. माजी हाक आइकली त्यानं, पल्याडच्या नाळंतनं. आवाजाकडं जावं म्हून उटला, आन् सरकला. फोन बी पडला कड्याखाली. झुडूप घावलं हाताला, म्हून वाचला." मग म्हणाले, "मला आदी ठावं असतं तर मी हिकडंच आलो असतो, आजी."

यात त्यांचा काही टोमणा नव्हता. गंगारामभाऊंना अजून काही ठाऊकच नव्हतं. म्हणून तर ते असं लागलं.

हिशेब सोपा आहे. मी अकरा वाजता पिसं म्हटलं असतं तर भाऊ सरळ आंधळ्या नाळेत गेले असते. मुलगा बसल्या जागी सापडला असता, धडधाकट. तरुणपणीची चूक तेवीस वर्षांच्या पोरीची म्हणून मी हसण्यावारी नेली असती, तिच्यावर तर मी आयुष्यभर हसत आले. पण पावणेअकरा ते पाऊण या दोन तासांत ती शहाणी कुठेच नव्हती. ते दोन तास सत्तर ओलांडलेल्या, शिकवणाऱ्या, जबाबदार बाईचे होते. मी नोंदवही ओढली आणि सकाळच्या ओळीपुढे लिहिलं : पिसं. पुढे वेळ लिहिली, एक पन्नास. आमच्या वहीत खाडाखोड करायची नाही असा नियम आहे, तोही मीच केलेला.

मुक्ताचं पथक चारला पोचलं. त्या शेवाळाच्या कातळाला दोर बांधला, डॉक्टर उतरले, पाय फळीला बांधला, स्ट्रेचर वर ओढलं. दामूअण्णांचा जिता दगड तसूभर हलला नाही. सूर्य जायच्या आत ते दोन घळींच्या तोंडाशी होते. तिथून मुक्ताने कुणाचा तरी फोन त्याच्या कानाला लावून दिला.

"आजी, मी वर आलो जी. तुम्ही नसत्या तर काही खरं नव्हतं."

मी "पाणी घोट घोट प्या" एवढंच म्हटलं. माझं इतकं तोकडं उत्तर पथकाने कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर तो घरी आला. पायाला प्लास्टर, बगलेत कुबडी, हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा. मुक्ता त्याला घेऊन आली होती आणि आल्यापासून माझ्याकडे न बघता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. बाकीचं नंतर, ते हे होतं.

मी विचारलं, "वाट एवढी गवताने बुजलेली, मग त्या बाणावर इतका विश्वास का ठेवलात?"

"अहो आजी, बाकी बाण कसे बी असतात, फराटे मारलेले. याच्यावर कुणीतरी मेहनत घेतली होती. पिसं बी सारखी. मी म्हटलं, एवढ्या जिवापाड काढणारा माणूस चुकीचं थोडंच दाखवंल? फोटो बी काढला होता. फोनसोबतच गेला."

कॅलेंडर वाचणं थांबलं.

मी त्याला सांगितलं. दगडाचं, दामूअण्णांचं, आणि मग ते दोन तासही. ते सांगायला मुक्तासमोर जास्त वेळ लागला. तो ऐकत होता. बर्फीचा डबा त्याच्या मांडीवर होता, तो त्याने खाली ठेवला.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "तुम्हीच हरवलं अन् तुम्हीच शोधलं?"

"हो."

"अन् पाय मधल्या मध्ये गेला."

"हो."

त्याने प्लास्टरकडे पाहिलं. "मायला जी," तो म्हणाला, आणि हसला नाही. मग म्हणाला, "असे अजून किती आहेत?"

मी इतके आठवडे स्वतःला नाना गोष्टी विचारल्या होत्या, ही विचारली नव्हती. मुक्ताने वळून माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले, माळ्यावरची ट्रंक जोशींच्या मदतीने खाली काढली. शहाणीला स्वतःच्या बाणांचा इतका अभिमान की तिने एका वहीत प्रत्येकाची नोंद ठेवली होती, छोट्या नकाशासकट. त्या पोरीचा एवढा एक गुण मला उपयोगी पडला. वही अनिकेतनेच वाचली, मुक्ताने फोनवर उतरवून घेतली. एकतीस बाण. कातळ की सुटा, हे तिने लिहिलं नव्हतं. चित्र नीटस आलं की नाही, ते लिहिलं होतं.

तेव्हापासून पथक जमेल तेव्हा एकेक बाण शोधत जातं. सापडला आणि दगड सुटा असला तर तारेच्या ब्रशने घासून टाकायचा. बोरनाळेतला सगळ्यात आधी घासला. मुक्ता म्हणते तासभर लागला, रंग चांगला धरला होता. पंचवीस झाले. कातळावरचे सहा निघाले, ते तसेच ठेवले. सुटे नऊ, त्यातले तीन फिरलेले. काही पुसूनच गेलेले. अजून सहांचा पत्ता नाही. नव्या मुलांचा जो वर्ग आम्ही कात्रजच्या टेकडीवर घेतो, तिथे जित्या दगडाचा नियम आता मी नक्कल करून सांगत नाही. अनिकेत येतो, थोडा लंगडतो अजून, आणि पँट वर करून पाय दाखवतो. मुलं हसत नाहीत.

फोन अजून माझ्याकडेच आहे. मी मुक्ताला परत देऊ केला होता. ती म्हणाली, "ठेवा. तुमच्याइतकी घाबरलेली बाई आम्हाला दुसरी कुठे मिळणार?"

तर, बॅटरी किती. बसा. माणसाच्या हातचं शेवटचं काय पाहिलंत. समोरून कुणी बाण म्हटलं की मी आता एक प्रश्न जास्त विचारते : त्याला मागे पिसं आहेत का? लोकांना वाटतं, म्हातारी काहीतरी विचारते. नाही म्हणाले की मी घोटभर पाणी पिते आणि नकाशा उघडते.

सहा बाकी आहेत.